सही कोणाची, हिशेब कोणाचा?

मुलुंडहून रोज घाटकोपरला येऊन एका लेखापरीक्षकाच्या पेढीत मी बारा वर्षं ताळेबंद जुळवले. चूक नजरेला लगेच सापडायची. सही मात्र सनदी लेखापालाची. बढतीच्या वेळी पदवी अर्धवट म्हणून माझं नाव गळलं. कागद मोठा की हात, हा प्रश्न तेव्हापासून मागे लागला.

जुने कायदे चाळताना कळलं, की मुंबईत हा प्रश्न जुनाच आहे. १९१३च्या कंपनी कायद्याने लेखापरीक्षकांसाठी पात्रतेची अट घातली. त्याच वर्षी सिडनहॅम कॉलेज सुरू झालं. १९१८मध्ये मुंबईत सरकारी लेखा पदविका आली. पण नुसत्या परीक्षेने भागत नव्हतं. मान्यताप्राप्त लेखापालाच्या हाताखाली तीन वर्षं उमेदवारीही करावी लागे. १९४९ साली स्थापन झालेल्या सनदी लेखापाल संस्थेच्या अभ्यासक्रमातही आर्टिकलशिप आहेच. म्हणजे पात्रतेच्या पोटातच अनुभव आहे. २०२३च्या नव्या योजनेत मात्र ही उमेदवारी तीनवरून दोन वर्षांवर आली.

तरी कागद नाकारता येत नाही. अहवालात कसूर झाली तर सही करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होते, सनदही जाऊ शकते. मला फार तर मालकाची बोलणी बसली असती. मग अनोळखी भागधारकाने माझ्या नजरेवर विश्वास कशाच्या आधारावर ठेवावा?

म्हणून माझा निष्कर्ष असा : जिथे लोकांचा पैसा सहीवर अवलंबून असतो, तिथे पात्रता अटळ. बाकीच्या टेबलांसाठी उमेदवारापुढे खरी खतावणी ठेवावी आणि तासभर गप्प बसावं. माझ्यापुढे ती कोणी ठेवली नाही.