दहा इंची चाक आणि मुरमाचा रस्ता
(दुचाकी समजून घेताना : लेखांक ९)

मागच्या लेखांकात बिनगिअरच्या गाडीतला पट्टा कसा काम करतो ते पाहिलं. या वेळचा विषय वरकरणी हलका आहे : स्कूटर दिसते कशी आणि चालते कशी. वाहनांवरच्या स्तंभांत या दोन गोष्टींना दोन वेगळे रकाने असतात. रूपाच्या रकान्यात दिव्याची ठेवण, रंग, क्रोमच्या पट्ट्या. चालीच्या रकान्यात वळणावर गाडी किती बिनधास्त झुकते, गर्दीतून किती चपळाईने निसटते. दोन्हींना वेगवेगळे गुण द्यायचे आणि शेवटी बेरीज करायची. पुण्या-मुंबईच्या डांबरावर हा हिशेब चालून जातो. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या रस्त्यांवर मात्र तो कोसळतो, कारण तिथे लक्षात येतं की स्कूटरची चाल तिच्या रूपातूनच ठरलेली आहे, आणि त्या रूपाचा पाया तिच्या दहा इंची चाकात आहे. चाक लहान ठेवलं म्हणून पायदान सपाट राहिलं, सीट खाली आली, डिक्की मिळाली. याच गोष्टींसाठी या झाडीपट्टीत लोक स्कूटर घेतात, आणि त्याच चाकामुळे ती त्यांना खड्ड्यात आदळते.

हे लहान चाक आलं कुठून, तेही पाहू. १९४६ साली इटलीत पियाजिओ कंपनीने व्हेस्पा आणली. तिचा रचनाकार कोर्रादिनो दास्कानियो हा विमानांचा अभियंता. मोटारसायकल त्याला आवडतच नसे. साखळीचं तेल कपड्यांना लागू नये, टांग न टाकता बसता यावं, पंक्चर झालं तर चाक झटक्यात निघावं, अशा त्याच्या अटी होत्या. पहिल्या व्हेस्पाची चाकं जेमतेम ८ इंची होती, पुढे ती १० इंची झाली. याच घराण्यातली चेतक १९७२ मध्ये बजाजने आकुर्डीहून बाजारात आणली, आणि मध्यमवर्गाच्या दारात पुढची तीन दशकं तीच उभी राहिली. तिचं इंजिन उजव्या बगलेला असल्याने गाडी जन्मतःच एका अंगाला जड होती, तरी लोकांनी तो कल अंगवळणी पाडून घेतला. तिच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. पुढचं-मागचं चाक एकाच मापाचं होतं आणि सोबत स्टेपनी असे. पत्र्याला पोचा आला तर गावातला डेंटर तो ठोकून काढी. आजच्या गाडीचं फायबर एकदा क्लिपेतून निसटलं की ते तारेनेच बांधलेलं दिसतं. २००१ मध्ये होंडाची अ‍ॅक्टिव्हा आली तेव्हा गिअर गेले, स्टेपनीही गेली, पण १० इंची चाक राहिलं.

आता थोडं गणित, कारण या विषयात मतं पुष्कळ आणि मोजमाप कमी. कागदावर लिहिलेले १० इंच हे रिमचं माप. टायर धरून अ‍ॅक्टिव्हाच्या मागच्या चाकाची त्रिज्या साधारण २१.७ सेंटीमीटर भरते. १८ इंची रिमवर बारीक टायर असलेल्या साध्या मोटारसायकलची त्रिज्या साधारण २९.८ सेंटीमीटर. रस्त्यात ३० सेंटीमीटर लांबीचा, म्हणजे फूटभर खड्डा असेल, तर स्कूटरचं चाक त्यात ६ सेंटीमीटर बुडतं, मोटारसायकलचं ४. खड्ड्याची कड किंवा वर आलेला दगड ५ सेंटीमीटर उंच असेल, तर तो चढायला स्कूटरच्या चाकाला त्यावरच्या भाराच्या सुमारे ८३ टक्के आडवा जोर लागतो, मोटारसायकलच्या चाकाला ६७ टक्के. हा आडवा जोर म्हणजेच हातांना बसणारा झटका, आणि हँडल मारतं ते यामुळेच. टीव्हीएसच्या २०१३ च्या ज्युपिटरने दोन्हीकडे १२ इंची चाकं दिली, २०२० मध्ये अ‍ॅक्टिव्हानेही पुढे १२ इंची चाक घेतलं आणि सोबत दुर्बिणीसारखा शॉकअप बसवला. कंपन्यांनी दुखणं ओळखलं होतं हे यावरून दिसतं. पण त्याच फूटभर खड्ड्यात १२ इंची चाक साडेपाच सेंटीमीटर बुडतं. दोन इंचांनी मिळवला तो अर्धा सेंटीमीटर! पुढच्या आरामात खरा फरक पडला तो शॉकअपने. मागे अजूनही इंजिन, पट्टा आणि चाक यांचं एकच गाठोडं वर-खाली होतं, त्यामुळे मागचा दणका जड तो जडच.

हा हिशेब ज्या रस्त्यांना लावायचा ते रस्ते डोळ्यांपुढे आणायला हवेत. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला. रेल्वे आजवर वडशापुरतीच पोचलेली. जिल्ह्याच्या गावापासून भामरागड दीडशे किलोमीटरहून लांब, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की तेही तुटतं. चंद्रपूर–मूल–गडचिरोली हा मोठा रस्ता सरळसोट जंगलातून जातो. घुग्घुसकडे कोळशाचे आणि सिमेंटचे, तर आष्टी–आलापल्ली भागात लोहखनिजाचे ट्रक धावतात, आणि त्यांच्या चाकांनी डांबराला पडणाऱ्या खोल चाकोऱ्या दहा इंची चाकाला रुळासारख्या ओढून घेतात. मुख्य रस्ता सोडला की मुरूम, पसरलेली गिट्टी, नाल्यावरचा रपटा. सुट्या गिट्टीवर लहान, हलकं पुढचं चाक जागा सोडतं. चाकाच्या फिरण्याने त्याला स्वतःचा जो तोल मिळतो तो वजन आणि घेर कमी असल्याने कमीच असतो, आणि त्यात स्कूटरचा बराचसा भार मागच्या चाकावर. शहरात याच गुणाला चपळाई म्हणतात. हँडल बोटाने वळतं, बाजाराच्या बोळात गाडी जागच्या जागी फिरते. गुण एकच, फक्त खालचा रस्ता बदलला की त्याचं नाव बदलतं. रपट्यावर पाणी असेल तर आणखी एक अडचण : पट्ट्याच्या डब्यात पाणी शिरलं की पट्टा घसरतो, इंजिन गुरगुरतं आणि गाडी जागची हलत नाही.

रात्रीचं प्रकरण वेगळंच आहे, आणि तिथे रूपाचा दोष अगदी उघडा पडतो. चेहरा टोकदार आणि तरुण दिसावा म्हणून डिओ किंवा एनटॉर्कसारख्या गाड्यांनी मुख्य दिवा हँडलवरून खाली काढून पुढच्या छातीवर बसवला. छाती सांगाड्याला जोडलेली असते, हँडल वळलं तरी ती वळत नाही. म्हणजे चालक वळतो डावीकडे आणि उजेड राहतो समोर. अ‍ॅक्टिव्हाचा दिवा हँडलवर आहे, तो वळणात डोकावतो. वेगात हँडल फारसं वळतच नाही, त्यामुळे हमरस्त्यावर हा फरक जाणवणार नाही, हे कबूल. पण मोहफुलांच्या दिवसांत पहाटे, किंवा सांजावताना आडवळणाच्या वाटेवर गाडी हळू असते आणि वळण घट्ट असतं. तिथे कडेच्या झुडपात उभं असलेलं रानडुक्कर किंवा रोही दिसणं-न दिसणं दिव्याच्या या एका बैठकीवर अवलंबून राहतं. ताडोब्याच्या आणि ब्रह्मपुरीच्या परिसरात कडेला काय उभं असू शकतं ते इथल्या वाचकाला सांगायला नको. दिवा छातीवर नेण्याचा निर्णय सौंदर्याच्या टेबलावर झाला, किंमत मात्र चालवताना मोजावी लागते. परीक्षणांत याचा उल्लेख ‘आक्रमक चेहरा’ एवढाच येतो.

इथे पहिला आक्षेप येणार : स्कूटर इतकी गैरसोयीची, तर मूल-सावलीपासून अहेरीपर्यंत ती का दिसते? लोक काय खुळे आहेत? मुळीच नाही. शिक्षिका, आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, परिचारिका अशा पायपीट करणाऱ्या बायकांना साडी नेसून, कुणाची मदत न घेता चालवता येईल अशी दुसरी स्वयंचलित दुचाकी बाजारात नीटशी नव्हतीच. टांग टाकायची नाही, क्लच दाबायचा नाही, पाय जमिनीला टेकतात, चिखल छातीच्या पत्र्यावर अडतो. शिवाय सपाट पायदान. मोटारसायकलच्या मागे चाळीस किलोचा धानाचा कट्टा बांधला की तो उंच आणि मागच्या आसाच्याही मागे जातो, पुढचं चाक हलकं होतं. तोच कट्टा स्कूटरच्या पायदानावर ठेवला की भार दोन चाकांच्या मधोमध आणि खाली येतो, पुढच्या चाकालाही थोडा वाटा मिळतो, आणि एरवी थयथयाट करणारी गाडी शहाण्यासारखी चालते. पाय ठेवायला जागा उरत नाही, गुडघे बाहेर येतात, पूर्ण वळण घेताना हँडल कट्ट्याला अडतं, आणि कायद्याच्या व सुरक्षेच्या नजरेतून हे काही आदर्श नव्हे. पण गाडीचा बॅलन्स एवढीच कसोटी लावली तर लोकांचा अनुभव चुकीचा ठरत नाही. म्हणून इथला खप चाकाच्या बाजूने दिलेली साक्ष मानू नये. लोकांनी पसंत केलं ते पायदान. चाक त्याच्यासोबत गळ्यात पडलं.

मग मोठं चाक आणि सपाट पायदान एकत्र का मिळू नये? कारखान्यांचं नेहमीचं उत्तर असं की चाक वाढवलं की सीट उंच होते, डिक्की जाते, पायदान आखूड होतं. यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. आपल्याकडे मोठी चाकं आली ती रुबाबासाठी. २०१६ मध्ये बारामतीच्या कारखान्यातून १४ इंची चाकांची एप्रिलिया एसआर १५० बाहेर पडली, २०२१ मध्ये तेवढ्याच इंची चाकांची यामाहा एरॉक्स. दोन्ही शर्यतीच्या गाडीचा आव आणणाऱ्या. एरॉक्समध्ये तर पायांच्या मधोमध उंचवटा आहे आणि त्यात पेट्रोलची टाकी. कट्टा ठेवायचा कुठे? म्हणजे जे चाक मुरमाच्या रस्त्याला हवं होतं ते आलं खरं, पण शहरातल्या पोरांच्या रूपात, आणि एरॉक्समध्ये तर पायदानाचा बळी देऊन. उलट युरोपात होंडाची एसएच ही १६ इंची चाकांची, सपाट पायदानाची स्कूटर वर्षानुवर्षं खपते आहे, आणि तिचा सर्वांत मोठा चाहता देश कोणता, तर व्हेस्पाची जन्मभूमी इटली. तिथल्या शहरांतले दगडी फरसबंदीचे रस्ते लहान चाकाला जाच करतात. तिथेही डिक्की लहान झाली, पण लोकांनी मागे पेटी लावली आणि प्रश्न मिटवला. चेतकच्या घराण्याचं माहेरच मोठ्या चाकाकडे वळलं असताना, रस्ता तिथल्याहून कितीतरी वाईट असलेल्या आपल्या मुलखाने दहा-बारा इंचांवर समाधान मानावं, याला यंत्रशास्त्राचा आधार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार : रस्ते दुरुस्त करा, गाडी का बदलता? रस्ते व्हायलाच हवेत, त्यावर वाद नाही. पण जड ट्रकांखाली आणि दरवर्षीच्या पावसात रस्ता फुटतो, पुन्हा होतो, पुन्हा फुटतो; आणि एकदा घेतलेली स्कूटर घरात दहा-बारा वर्षं राबते. तेवढ्या काळात ती दोन्ही प्रकारच्या रस्त्यांवरून जाणार. वाडी-टोल्यांच्या वाटा मुरमाच्या राहतील, हे गृहीत धरूनच गाडी आखली पाहिजे. चांगल्या रस्त्यावर मोठं चाक काही बिघडवत नाही, फक्त बाजारातल्या बोळात ते जरा जास्त जागा घेतं.

तिसरा आक्षेप मोपेडचा. १६ इंची चाकं, उघडं पायदान, निघणारी मागची सीट, ओझ्यासाठीच जन्मलेली टीव्हीएस एक्सएल १०० आहेच की. त्याआधी नगरची, १९७२ ची लूना होती, आणि २०२४ मध्ये तीच विजेवर परतली, तीही १६ इंची चाकांवर. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर फूटभर खड्ड्यात मोपेड साडेचार सेंटीमीटरच्या आसपास बुडते, मोटारसायकलच्या अगदी जवळ. चालीचे गुण दिले तर झाडीपट्टीच्या आडरस्त्यांवर एक्सएल बऱ्याच महागड्या स्कूटरना मागे टाकेल. तरी नोकरी लागलेली मुलगी पहिल्या पगारावर एक्सएल घेत नाही. ती दूधवाल्याची, भाजीवाल्याची गाडी. तिला झाकलेलं अंग नाही, कुलूप लावता येईल अशी डिक्की नाही, आणि दोघं बसली की चढावर दम लागतो. वर्गापुढे उभी राहणारी बाई शाळेच्या आवारात कोणती गाडी उभी करते, याला गावात अर्थ असतो, आणि तो अर्थ हसण्यावारी नेणारा माणूस सहसा स्वतः मोटारीतून उतरलेला असतो. रूप ही चैन नसून मानाची बाब आहे, हे मान्य केलं तरच पुढचं बोलणं शक्य होतं. मोपेडचं चाक आणि स्कूटरचं अंग एका गाडीत का मिळत नाही, हा प्रश्न आखणी करणाऱ्यांपुढे ठेवावा लागेल, आणि त्यांना तो विचारायचा तर विजेच्या गाड्यांचा हा काळ बरा आहे. इंजिन आणि पट्ट्याचं गाठोडं जाऊन मोटर येते तेव्हा मागची जागा नव्याने वाटता येते. पण बाजारात आलेल्या बहुतेक विजेच्या स्कूटर पाहाव्यात : पडदा मोठा, चेहरा टोकदार, चाक बाराच इंची. बॅटरीचं वजन ठेवायचं कुठे आणि त्याने गाडीचा बॅलन्स कसा बदलतो, ते पुढच्या लेखांकात.