चूल आपली, चव दूरची – भाग ११ : बुधवारच्या रात्रीची तिखट इटालियन कोळंबी

बीडच्या घरांत कोळंबी आली ती बहुतेक वाळूनच. आठवडी बाजारात जवळा-सुकटीची पोती, शेजारी बोंबलांच्या जुड्या, आणि घरी आल्यावर तव्यावर भाजून कांदा-लसणात परतलेली सुकट. ओला मासा खायचा तर माजलगावच्या नाहीतर धनेगावच्या धरणातला रोहू, कटला. त्यात कधीमधी गोड्या पाण्यातले झिंगे. मुंबईचा धक्का इथून पावणेचारशे-चारशे किलोमीटरवर, त्यामुळे समुद्राची ताजी कोळंबी आपल्या वाट्याला यायची नाही. आता गोठवलेली पाकिटं मिळू लागली आहेत. पण घरी आल्यावर ती कोळंबी मटणाच्या वाटेनं जाते. लाल रस्सा, त्यात बटाटे आणि वर वीस मिनिटांची उकळी. रस्सा झकास होतो, कोळंबीचं रबर होतं. इतका महाग जिन्नस असा वाया जाऊ नये, म्हणून आज हा पदार्थ.

अमेरिकेतल्या इटालियन घरांत आणि खानावळींत याला ‘श्रिम्प फ्रा दियावोलो’ म्हणतात. १८८० नंतरच्या चार दशकांत सुमारे ४० लाख इटालियन माणसं अमेरिकेत उतरली. त्यातली बहुतेक दक्षिणेकडची, नापोली, कालाब्रिया, सिसिली भागातली, म्हणजे गरीब शेतकरी आणि मजूर. लसूण, तेल, टोमॅटो, सुकी मिरची हा त्यांचा रोजचा स्वयंपाक. नव्या किनाऱ्यावर त्यात लॉबस्टर आणि कोळंबी आली. खुद्द रोमकडे याच पद्धतीचा बिनकोळंबीचा ‘अर्राब्बियाता’ खातात. मिरची आणि टोमॅटो ही दोन्ही पिकं मुळात अमेरिका खंडाची. स्पेन-पोर्तुगालच्या गलबतांनी ती इटलीलाही पोचवली आणि गोव्यामार्गे दख्खनलाही. मिरचीवर प्रेम करण्यात कालाब्रियाचा शेतकरी आपल्या गेवराई-केजच्या माणसाचा सख्खा भाऊ शोभेल.

फरक आहे तो तिखट कशात मुरवायचं याचा. आपण काळा मसाला, येसर, भाजलेलं खोबरं यांच्या आधारानं तिखट चढवतो. तिथं मिरची आणि तेल, बास. म्हणून आज येसराचा डबा उघडायचा नाही. हळद नाही, धनेपूड नाही, कांदासुद्धा नाही. हात शिवशिवतो हे खरं, पण एकदा तरी मोह आवरावा, कारण कोळंबीची स्वतःची गोडी अगदी नाजूक असते आणि काळ्या मसाल्यापुढे ती उरत नाही.

मिरचीतला कॅप्सेसिन हा घटक तेलात विरघळतो, पाण्यात जवळजवळ नाहीच. त्यामुळे टोमॅटो पडायच्या आधी मिरची तेलात गेली तर तिखट सगळ्या सॉसभर सारखं पसरतं. वरून तिखटपूड भुरभुरली तर एक घास फिका आणि एक घास ठसका. कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहकाला (रिसेप्टरला) डिवचतं तो खऱ्या उष्णतेलाही जागा होतो, म्हणून तिखट आपल्याला भाजल्यासारखं लागतं. हा ग्राहक डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ मध्ये ओळखला. २०२१ च्या नोबेल पारितोषिकामागे हेही काम होतं. तोंड पोळलं तर पाण्यानं भागत नाही आणि दह्यानं भागतं, ते कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही म्हणून.

आता कोळंबीकडे. पाकिटावर ३१/४० किंवा २१/२५ असे आकडे असतात. एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, किती नग बसतात तो हा हिशेब. आकडा जितका लहान तितकी कोळंबी मोठी. आपल्याला ३१/४० पुरे. गोठवताना कोळंबीवर बर्फाचा पातळ थर देतात, म्हणून निव्वळ वजन वाचूनच घ्यावं. भारतात अशा पाकिटांतली बहुतेक कोळंबी ‘वन्नामेई’ जातीची, शेततळ्यांत वाढवलेली असते. या जातीच्या शेतीला आपल्याकडे २००९ मध्ये परवानगी मिळाली आणि उत्पादनात आंध्र प्रदेश सगळ्यांच्या पुढे गेला. शेततळ्यातली आहे म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. नीट गोठवलेली वन्नामेई ही ऊन खात चारशे किलोमीटर आलेल्या ‘ताज्या’ कोळंबीपेक्षा कधीही बरी.

पाकीट आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावं. विसरलात तर पिशवी घट्ट बांधून गार पाण्याच्या पातेल्यात वीस-पंचवीस मिनिटं बुडवा. ओट्यावर मात्र उघडी टाकू नका. बीडच्या एप्रिलमध्ये ओट्यावरची कोळंबी तासाभरात नासायला लागते. लाईट जाऊन पाकीट पार सुटलं असेल तर त्याच रात्री शिजवा, पुन्हा गोठवू नका. पाठीवर हलकी चीर देऊन काळा दोरा काढा, पाणी निथळा आणि फडक्यानं खरोखर कोरडी करा. ओली कोळंबी तेलात परतली जात नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडते.

चौघांना साधारण ४०० ग्रॅम सोललेली कोळंबी, ६०० ग्रॅम लाल, आंबटसर टोमॅटो, गावठी लसणाच्या वीसेक पाकळ्या, सहा-सात सुक्या मिरच्या आणि चार मोठे चमचे तेल. इटलीत ऑलिव्ह तेल वापरतात. आपण घाण्याचं करडईचं तेल घ्यावं असं माझं आग्रहाचं मत आहे. करडई मराठवाड्याचं जुनं रब्बी पीक. परभणीच्या कृषी विद्यापीठानं ‘परभणी कुसुम’सारखे वाण त्यासाठी दिले. करडईच्या तेलाचा वास सौम्य असल्यानं लसूण पुढं येतो.

टोमॅटो आडवे चिरून कापलेली बाजू किसणीवर घासा. गर खाली पडतो, साल तळहातात राहते, उकडणं-सोलणं वाचतं. लसणाचे पातळ काप करा, ठेचू नका. मिरच्या देठ काढून खलबत्त्यात भरड कुटा.

कढईत निम्मं तेल चांगलं तापवून कोळंबी एका थरात पसरा, चिमूटभर मीठ घाला. एका बाजूनं मिनिटभर, उलटून अर्धा मिनिट, आणि लगेच ताटलीत काढा. आत अजून कच्ची असेल, असू द्या. कोळंबीचं मांस प्रथिनांचं आणि नाजूक. मटणासारखे चिवट तंतू त्यात नसतात, त्यामुळे जास्त शिजवून ते मऊ होत नाही. उलट प्रथिनं आवळत जातात आणि पाणी बाहेर पिळलं जातं. रंग बघत राहा. कच्च्या कोळंबीतलं तांबडं रंगद्रव्य एका प्रथिनाला बांधलेलं असतं, म्हणून ती करडी-निळसर दिसते. आच लागली की ते प्रथिन उलगडतं आणि तांबूस रंग मोकळा होतो.

कढई थोडी निवू द्या. उरलेलं तेल आणि लसूण मंद आचेवर ठेवा. लसूण कडेनं सोनेरी दिसू लागला की कुटलेली मिरची टाका आणि दहापर्यंत मोजा. यापुढं लसूण करपला तर सॉस कडू होणार आणि मग कशानंही सुधारणार नाही, म्हणून किसलेला टोमॅटो हाताशीच ठेवा. तो पडला की आच वाढवा, मीठ घाला, दहा-बारा मिनिटं आटवा. तेल कडेनं सुटलं की सॉस झाला.

माझी एक भर. लसणासोबत निवडून, भाजून, भरडलेला चमचाभर जवळा घाला. दक्षिण इटलीत खारवलेले बारीक मासे असेच तेलात विरघळवतात. टोमॅटोतलं ग्लुटामेट आणि सुक्या माशातले न्यूक्लिओटाइड एकत्र आले की रुचकरपणा दोघांच्या बेरजेहूनही वाढतो. आपल्या बाजारातली सुकट इथं तसल्या खारवलेल्या माशांच्या महागड्या बाटलीपेक्षा चोख काम करते. मात्र जवळ्यात वाळू असते, ती आळस न करता पाखडून काढा.

घरात माळकरी आजी-आजोबा असतील तर जवळा वगळा आणि कोळंबीला वेगळी कढई घ्या. सॉस तयार झाला की त्यांच्या वाटणीचा आधी काढून ठेवा. तो नुसताच, रोमकडच्या पद्धतीचा, पोटभर जेवण होतो. अनेक घरांत सोमवार, गुरुवार, शनिवार पाळतात, म्हणून बेत बुधवारचा नाहीतर शुक्रवारचा.

उरलेल्यांच्या सॉसमध्ये ताटलीतली कोळंबी तिच्या रसासकट परत टाका. दीड-दोन मिनिटं, आणि गॅस बंद. वरून चार थेंब लिंबू आणि हातानं तोडलेली सब्जाची पानं. दर्ग्यावर वाहायच्या फुलांसोबत मिळतो तोच सब्जा, इटालियन बेसिलचीच जात. नसेल तर कोथिंबीर चालेल. चीज मात्र नको. इटलीतही मासळीवर चीज किसायला बहुतेक ठिकाणी नाकं मुरडतात, आणि इथं तर ते कोळंबीची चव पुसूनच टाकतं.

कशाबरोबर खायचं? मागच्या भागात बन्सी गव्हाची गोष्ट आली होती. पास्त्याला लागतो तोच हा कठीण, पिवळसर ड्युरम गहू. इटलीत १९६७ च्या कायद्यानं सुका पास्ता त्याचाच करणं बंधनकारक झालं. तेव्हा उन्हाळ्यात केलेल्या बन्सी रव्याच्या शेवया डब्यात असतील तर त्याच भरपूर खारट पाण्यात मिनिट-दोन मिनिटं उकळा, निथळून सॉसमध्ये घाला, वाटीभर शेवयांचं पाणीही घाला. त्यातल्या स्टार्चनं सॉस शेवयांना धरून राहतो. गरम ज्वारीची भाकरीही उत्तम लागते. सॉस निपटायला तिच्याइतकं चांगलं काही नाही.

पहिल्यांदाच कोळंबी खाणारं कोणी असेल तर थोडी देऊन थांबा. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या तर कोळंबी बंद आणि दवाखाना गाठायचा. कोळंबीची ॲलर्जी खरी असते, हट्टानं जात नाही.

उरली तर दुसऱ्या दिवशी कोळंबी वेचून गारच खा, पुन्हा तापवू नका. सॉस वेगळा गरम करून त्यात दोन अंडी फोडा, झाकण ठेवा, तीन मिनिटांत न्याहारी तयार. पुढच्या आठवड्यात खपली गहू आणि त्याची इटालियन खिचडी.