स्टॅम्पवरची सोडचिठ्ठी चालते का? न भांडता वेगळं होण्याचा पक्का रस्ता

आजचा विषय घरोघरी कुजबुजला जातो, पण उघड कुणी बोलत नाही. नवरा-बायकोचं जमत नाही, दोघांनाही वेगळं व्हायचंय, पण कोर्टाच्या तारखांवर तारखा नकोत. मग करायचं काय?

समजा, मुलगा आपल्या परभणीजवळच्या पोखर्णीचा, मुलगी गंगाखेडची. दोन्हीकडची मोठी माणसं बसली, बोलणी झाली, स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी लिहिली, नोटरीचा शिक्काही बसला. सगळ्यांना वाटलं, मिटलं एकदाचं.

पण खरं सांगायचं तर लग्न अजून मोडलेलंच नाही! हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे घटस्फोट कोर्टाच्या हुकूमनाम्यानेच होतो. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख जोडप्यांनाही लागू आहे. काही समाजांत रूढीने काडीमोड होतो आणि कायदा ती रूढी मानतो. पण वाद झाला तर ती सिद्ध करावी लागते. नुसत्या स्टॅम्पच्या भरवशावर कुणी दुसरं लग्न केलं, तर ते बेकायदा ठरू शकतं आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो.

मग बैठक वाया गेली का? अजिबात नाही. जे ठरलं, ते कोर्टातून पक्कं करून घ्यायचं. कलम १३-ब म्हणजे परस्पर संमतीने घटस्फोट. त्यासाठी दोघं किमान एक वर्ष वेगळे राहत असावेत. अर्ज दोघांनी मिळून करायचा, मग साधारण सहा महिने थांबायचं. योग्य कारण असेल तर कोर्ट हे सहा महिने माफ करू शकतं, असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलंय. निकाल लागेपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं.

आणि बोलणीच अडली तर? तर मध्यस्थी. मध्यस्थ निकाल देत नाही. दोघांचं ऐकून मार्ग काढायला मदत करतो. तिथलं बोलणं गोपनीय राहतं. परभणीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे केस टाकण्याआधीही जाता येतं. महिलांना, तसंच अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. हेल्पलाइन नंबर १५१००.

सही करण्याआधी एवढं लिहून घ्या:
• मुलं कुणाकडे राहणार, दुसऱ्याला कधी भेटणार, सुट्ट्यांत कुठे?
• शाळेचा आणि दवाखान्याचा खर्च कोण देणार?
• पोटगी किती, एकरकमी की दरमहा?
• स्त्रीधन, दागिने, भांडीकुंडी कधी परत मिळणार?
• एकमेकांवरच्या केसेसचं काय?

आता सगळ्यात महत्त्वाचं. मारहाण होत असेल, जिवाची भीती असेल, तर समजुतीच्या नावाखाली गप्प बसू नका. १८१ वर फोन करा, कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. आणि जात पंचायतीने दंड लावला किंवा वाळीत टाकायची धमकी दिली, तर ती मध्यस्थी नव्हेच. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे.

थोडक्यात काय, तर बोलणी चार माणसांत करा, पण शेवटचा कागद कोर्टाचाच हवा. घरात, नात्यात कुणी या वळणावर असेल, तर हा एपिसोड त्यांना नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!