दोनशे तासांची किंमत

धुळे, शिरपूर, बारामती, गोंदिया. या गावांची पिके वेगळी, बोली वेगळी, राजकारण तर फारच वेगळे. तरी गेल्या काही वर्षांत चारही ठिकाणी एक आवाज सारखाच झाला आहे : सकाळी ऊन चढायच्या आत डोक्यावरून घरघरत जाणाऱ्या छोट्या विमानाचा. रानातला माणूस आता मान वर करूनही पाहत नाही. त्या विमानात विशीतला एखादा मुलगा किंवा मुलगी शेजारच्या इन्स्ट्रक्टरचे ऐकत बसलेली असते, आणि लॉगबुकात एकेक तास जमा होत असतो. असे दोनशे तास जमले, परीक्षा आणि चाचण्या पार पडल्या, की व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळतो. हे दोनशे तास कोणाला, किती पैशांत आणि किती काळात पडतात, याचा हिशेब मला या लेखात मांडायचा आहे.

मुंबईचा फ्लाइंग क्लब १९२८ साली जुहूला सुरू झाला. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपालाचे विमान आणले. त्या काळी उडणे हा ऐपतदारांचा छंद होता. त्यावर घर चालवू पाहणारे थोडे. आज जुहूच्या शेजारी सांताक्रूझची अखंड वर्दळ असल्याने शिकाऊ विमानाला तिथे घिरट्या घालायला जागा नाही. म्हणून क्लबचे प्रशिक्षण धुळ्याला चालते. इतर संस्थाही अशाच रिकाम्या धावपट्ट्या शोधत गेल्या. गोंदियाजवळच्या बिर्सीला भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई यांनी मिळून संस्था काढली, शिरपूरला शिक्षणसंस्थेने स्वतःच्या धावपट्टीवर शाळा थाटली, आणि अमरावतीच्या बेलोऱ्याला वर्षाला १८० वैमानिक घडवणारी अकादमी उभारण्याची घोषणा एअर इंडियाने २०२४ मध्ये केली. ऐपतदारांचा छंद असा मध्यमवर्गाच्या, आणि आता बागाईतदारांच्याही, अंगणात आला. पैसा मात्र ऐपतदारांचाच लागतो.

नियम काय म्हणतो ते आधी पाहू. एकूण २०० तासांपैकी किमान १०० तास विमानाची जबाबदारी विद्यार्थ्याने स्वतः घेतलेली असावी लागते. त्यात २० तास एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याचे, आणि त्यातले एक उड्डाण किमान ३०० सागरी मैलांचे, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून केलेले. शिवाय १० तास केवळ उपकरणांवर विसंबून आणि ५ तास रात्रीचे. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते. वाणिज्य शाखेची मुले हे दोन विषय मुक्त विद्यालयातून देतात. हवाई मार्गशास्त्र, हवामान, नियम आणि तांत्रिक विषय यांच्या लेखी परीक्षांत प्रत्येकी ७० टक्के गुण हवेत. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा. यात कुठेही असे लिहिलेले नाही की हे सारे किती महिन्यांत होईल. माहितीपत्रकात मात्र ते लिहिलेले असते.

माहितीपत्रकांचा एक गठ्ठाच माझ्याकडे जमला आहे. त्यांत शुल्काचा आकडा असतो. सध्या तो देशात साधारण ४५ ते ६० लाखांच्या दरम्यान फिरतो. गुळगुळीत कागद, पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या आणि ‘१२ ते १८ महिने’. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांना प्रवेशाच्या वेळी टेबलापलीकडच्या तरुणाने सांगितले होते, “काका, दीड वर्षात पोरगा विमान घेऊन जाईल, तुम्ही हप्त्याची काळजीच करू नका.” दीड वर्ष झाले तेव्हा त्या मुलाच्या लॉगबुकात नव्वद तास होते. कोणी फसवले असे म्हणावे तर करारात मुदत लिहिलेलीच नव्हती.

वेळ कुठे जातो, हे समजायला फार मोठी विद्या लागत नाही, पाढे पुरतात. समजा, संस्थेकडे दहा विमाने आहेत. देखभाल आणि सुट्या भागांची वाट पाहणे यांमुळे त्यांतली सात चालू असतात. प्रत्येक विमान दिवसाला पाच तास, महिन्याला बावीस दिवस उडाले तर महिन्याचे ७७० तास होतात. विद्यार्थी शंभर असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला साडेसात-पावणेआठ तास येतात. आता आपला पावसाळा धरा. खाली आलेले ढग, धूसर क्षितिज, आडवा वारा. शिकाऊ मुलाला अशा हवेत सोडणे कोणी शहाणा इन्स्ट्रक्टर करणार नाही. चार महिने तीन-तीन तासच मिळाले असे धरले तर वर्षाचे होतात सुमारे ७४. म्हणजे दोनशे तासांना पावणेतीन वर्षे. हेच विद्यार्थी पन्नास असते तर काम निम्म्या काळात झाले असते. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण हा भागाकार कोणत्याही संस्थेच्या फाटकावर उभे राहून करता येतो. विमाने किती, त्यांतली आज उडण्याजोगी किती, इन्स्ट्रक्टर किती आणि मुले किती, एवढे चार आकडे हवेत. माहितीपत्रकात पहिलाच असतो.

इन्स्ट्रक्टरांचा प्रश्न विमानांहून बिकट आहे. शिकवणारा माणूस स्वतः वैमानिक असतो; विमान कंपनीची संधी आली की तो शाळा सोडतो. एक इन्स्ट्रक्टर गेला की त्याच्या हाताखालची मुले दुसऱ्याकडे वळवली जातात, आणि नवा माणूस त्यांची आधीची तयारी तपासण्यात पुन्हा काही तास घालवतो. ते तासही विद्यार्थ्याच्याच खात्यातून जातात.

आता याला कर्ज जोडा. साठ लाख रुपये ११ टक्के दराने घेतले आणि सगळी रक्कम उचलली गेली असेल, तर नुसते व्याज महिन्याला ५५ हजार होते. परतफेड दहा वर्षांची ठरवली तर हप्ता ८२ हजारांच्या पुढे जातो. प्रशिक्षण ठरल्यापेक्षा दीड वर्ष लांबले तर फक्त व्याजाचे जवळपास १० लाख वाढतात. यांतला एक रुपयाही संस्थेच्या खिशात जात नाही, म्हणून संस्थेला घाई नसते. या व्यवहाराची गोम मला इथे दिसते. विमान बंद पडले, पाऊस लांबला, इन्स्ट्रक्टर निघून गेला, तर त्याची किंमत मोजणारा एकच पक्ष आहे, आणि तो टेबलाच्या अलीकडे बसलेला असतो. एवढ्या मोठ्या रकमेसाठी बँक तारण मागते. तारण म्हणजे बहुतेक वेळा राहते घर किंवा जमिनीचा तुकडा. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात सवलत आहे, पण ती जुन्या कररचनेतच मिळते.

त्यामुळे पैसे कसे भरायचे हा प्रश्न किती भरायचे याच्याइतकाच महत्त्वाचा ठरतो. एकरकमी भरल्यास सवलत देऊ करणाऱ्या संस्था आहेत. ती सवलत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उडालेल्या तासांशी बांधलेले हप्ते आणि अर्धवट सोडल्यास परताव्याचे कलम, या दोन गोष्टी करारात नसतील तर उठून यावे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन शिकाऊ विमाने कोसळली आणि महासंचालनालयाने त्या संस्थेचे उड्डाण काही काळ थांबवले. सुरक्षिततेसाठी ते योग्यच होते. पण तिथे आधीच पूर्ण पैसे भरून बसलेल्या मुलाची स्थिती काय होते, याचा विचार करारावर सही करण्यापूर्वी व्हायला हवा.

सरकारने अलीकडे एक चांगली गोष्ट केली. ऑक्टोबर २०२५ पासून महासंचालनालय या संस्थांची श्रेणीवारी जाहीर करू लागले. विमानांच्या आणि इन्स्ट्रक्टरांच्या तुलनेत विद्यार्थी किती, दोनशे तासांना किती काळ लागतो, अपघात किती झाले, असे निकष त्यात आहेत. पहिल्या यादीत ३५ संस्था होत्या. वरच्या दोन श्रेणींत एकही बसली नाही. १३ ‘बी’मध्ये आणि २२ ‘सी’मध्ये. अशी यादी आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांची निघाली असती तर वर्तमानपत्रांत आठवडाभर गाजली असती. ही दोन दिवसांत विसरली गेली.

परवाना म्हणजे नोकरी नव्हे, हे पालकांना सर्वांत उशिरा कळते. २०२३ मध्ये देशात १,६२२ व्यावसायिक परवाने दिले गेले, तोपर्यंतचा तो उच्चांक होता. त्यांत सुमारे १८ टक्के मुली होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात गो फर्स्ट बंद पडली. त्याआधी २०१९ मध्ये जेट आणि २०१२ मध्ये किंगफिशर. प्रत्येक वेळी हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिक बाजारात उतरले, आणि दोनशे तासवाले रांगेत मागे ढकलले गेले. मग डिसेंबर २०२५ मध्ये विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि ‘देशात वैमानिकांचा तुटवडा’ असे मथळे आले. ते मथळे दाखवून प्रवेश देणाऱ्यांनी एक गोष्ट सांगितली नाही. कॅप्टनच्या आसनासाठी लागणारा वरचा परवाना १,५०० तासांनंतरच मिळतो, आणि तुटवडा भासतो तो प्रामुख्याने तिथे. नवा मुलगा ती जागा भरू शकत नाही. तो सहवैमानिकाच्या आसनासाठी उभा असतो, आणि तिथे गर्दी आहे.

त्या आसनापर्यंत जायलाही आणखी एक पायरी आहे. दोनशे तास ज्या छोट्या विमानांवर झाले त्यांवर एअरबस उडवता येत नाही. त्या जातीच्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण, ज्याला ‘टाइप रेटिंग’ म्हणतात, आणखी १५-२० लाखांचे. काहीजण नोकरीची खात्री नसताना ते आधीच करून ठेवतात. हा जुगार आहे, आणि विमानाची जात चुकली तर पूर्ण फसलेला जुगार.

याला पर्याय म्हणून विमान कंपन्यांच्या कॅडेट योजना आल्या. त्यांत आधी निवड होते, मग प्रशिक्षण, टाइप रेटिंगसह. खर्च एक कोटीच्या आसपास किंवा वर. महाग वाटते, पण वरचे सगळे आकडे, लांबलेल्या काळाच्या व्याजासह, एकत्र केले तर फरक वाटतो तेवढा राहत नाही. शिवाय ‘तुझ्यात हे जमण्याजोगे आहे का’ हा प्रश्न इथे पैसे घेण्याआधी विचारला जातो. तरी कंपनीचे पत्र सशर्त असते, आणि कंपनीच बुडाली तर पत्रही बुडते. अमेथीजवळच्या फुरसतगंजची सरकारी अकादमीही प्रवेशपरीक्षा घेते. शुल्क तिथेही लाखांतच. आपल्याकडे महाज्योतीने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत इतर मागासवर्गीय मुलांना प्रशिक्षण देण्याची योजना आणली, जागा मोजक्या.

परदेशी जाणाऱ्यांना हवा आणि विमाने भरपूर मिळतात, दोनशे तास भराभर होतात. परत आल्यावर मात्र इथल्या लेखी परीक्षा आणि उड्डाणचाचण्या देऊन परवाना बदलून घ्यावा लागतो. अमेरिकेतल्या मुलांचा मार्गच निराळा आहे. २००९ साली बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान कोसळल्यानंतर तिथे सहवैमानिकालाही साधारणपणे १,५०० तासांची अट आली. त्यामुळे तिथली मुले मधली एक-दोन वर्षे इन्स्ट्रक्टर होऊन, पगार घेत, तास जमवतात. आपल्याकडे दोनशे तासांवर थेट मोठ्या विमानात जाता येते, म्हणून ही मधली कमावती वाट फारशी रुळलीच नाही. तासांचे मोल एवढे असले की ते कागदावर वाढवण्याचा मोहही होतो. २०११ च्या जानेवारीत गोव्यात एक प्रवासी विमान पुढच्या चाकावर उतरवले गेले, त्याच्या चौकशीतून बनावट गुणपत्रिकांचे प्रकरण बाहेर आले आणि अनेक परवाने तपासले गेले.

ज्यांना तरीही जायचे आहे, आणि जायला हवेच अशी मुले मी पाहिली आहेत, त्यांनी क्रम उलटा लावावा. आधी वैद्यकीय तपासणी, आणि तीही ‘वर्ग १’ची, जी व्यावसायिक परवान्याला लागते. रंगांधळेपणा किंवा हृदयाची एखादी बारीक त्रुटी काही हजार रुपयांत कळते. ती पन्नास लाख भरल्यावर कळू नये. मग घरी बसून लेखी परीक्षा. सगळे विषय सुटल्यावर फ्लाइंग स्कूलचे दार. तिथे माहितीपत्रक बाजूला ठेवून शेवटच्या वर्षातल्या चार मुलांना कँटीनमध्ये चहा पाजावा आणि त्यांची लॉगबुके पाहावीत; पहिल्या आणि शेवटच्या नोंदीची तारीख पुरते.

आणि घरचा हिशेब परवान्याच्या दिवशी थांबवू नये. नोकरीची वाट पाहत असताना वैद्यकीय तपासणी दर वर्षी करावी लागते, उपकरणांवरच्या उड्डाणाची चाचणीही दर वर्षी, आणि त्या चाचणीसाठी दोन इंजिनांचे विमान तासाच्या भाड्याने घ्यावे लागते. ते भाडे कोणत्याही शुल्कपत्रकात धरलेले नसते.