जुनी ट्रॉली घेण्याआधी चाक हलवून पाहा



दसरा जवळ आला की कार्यक्षेत्रात जुन्या ट्रॉल्यांच्या खरेदी-विक्रीला जोर येतो. गटात फिरताना सभासद आम्हांला थांबवून ट्रॉली दाखवतात. "साहेब, रंग नवा, फळ्या नव्या, टायरबी बरे हायेत. घेऊ का?" आमचा उलट प्रश्न ठरलेला असतो, "चाक उचलून पाहिलं का?" बहुतेक वेळा पाहिलेले नसते. ट्रॉलीचे खरे वय रंगात कळत नाही, ते हबच्या आत बेअरिंगमध्ये कळते.

ऊस विकास खात्याने बेअरिंगची चर्चा कशाला करावी, असे कोणी म्हणेल. तोडलेला ऊस २४ तासांत गळितास गेला पाहिजे. ट्रॉली रस्त्यात बसली की ऊस वाळतो, वजन घटते, उतारा खाली येतो. वर्षभराच्या खतपाण्याचे मोल वाटेत सांडते. शिवाय बीड, अहिल्यानगरकडच्या तोडणी टोळ्या बायकापोरांसह, संसार घेऊन अशाच ट्रॉल्यांतून येतात. रात्री चाक निखळले तर नुकसान नुसत्या उसाचे होत नाही.

तपासणी कशी करावी?

रिकामी ट्रॉली ट्रॅक्टरला जोडून सपाट, कडक जमिनीवर उभी करावी. दुसऱ्या चाकाला पुढे-मागे दगड लावावेत. धुऱ्याखाली जॅक लावून चाक उचलावे व लगेच लाकडी ठोकळा द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरू नये.

आता एक हात चाकाच्या वर, एक खाली धरून चाक आत-बाहेर हलवावे. टकटक होऊन चाक हलले तर बेअरिंग ढिले आहे किंवा झिजले आहे. मग चाक हाताने फिरवावे. चांगले चाक गुपचूप फिरते. खराब बेअरिंग खरखरते किंवा मध्येच अडखळते. ताजे ग्रीस भरून आवाज दडवता येतो, म्हणून ट्रॉली चार-पाच किलोमीटर चालवून पाहावी. थांबल्यावर हबला जपून हात लावावा. एक हब दुसऱ्यापेक्षा फार तापला असेल तर आत बिघाड आहे किंवा नट जास्त आवळलेला आहे.

चाक डुलते, म्हणजे बेअरिंगच गेले असे नाही

उचललेल्या चाकाच्या रिमजवळ विटेवर एक काडी रोवून चाक फिरवावे. काडी व रिम यांतले अंतर कमी-जास्त झाले तर रिम वाकलेली आहे. रिम सरळ फिरते पण टायर लहर मारतो, तर दोष टायरचा. चाकाच्या नटाभोवती गंजाच्या रेघा दिसल्या तर नट ढिले राहून रिमची भोके लांबट झाली असण्याचा संभव असतो.

चाके ठीक, पण अख्खी ट्रॉली झुलते, तर पुढे पाहावे. दांडीचे भोक व पिन झिजली आहे का? चारचाकीचे टर्न टेबल ढिले आहे का? दोन्ही बाजूंची हवा सारखी आहे का? दांडीच्या भोकापासून धुऱ्याच्या दोन्ही टोकांपर्यंत दोरी लावावी. मापे सारखी नसतील तर धुरा तिरका बसला आहे. दोनचाकी ट्रॉलीत मोळ्यांचा भार मागे पडला तरी ती झुलते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असल्या की मागची जास्त झुलते, हेही लक्षात ठेवावे.

हब उघडल्यावर

ग्रीस दुधाळ असेल तर आत पाणी शिरले आहे. तापलेला हब ओढ्यात किंवा ओल्या फडात एकदम गार झाला की सीलमधून पाणी आत ओढले जाते. बेअरिंग डिझेलने धुऊन पुसावे. रोलर निळसर दिसले तर ते तापून गेले. टवके उडाले असतील तर आयुष्य संपले. गंजाचे खड्डे असतील तर तेही बाद. बदलताना रोलर व बाहेरचा कप जोडीनेच बदलावा, सील नवे घालावे. बेअरिंगवरचा नंबर टिपून तोच माल आणावा. ३०२१० मधील शेवटच्या १० ला ५ ने गुणले की आतला व्यास ५० मि.मी. येतो. ताडून पाहायला एवढे पुरते.

ग्रीस तळहातावर घेऊन रोलरच्या फटींत दाबून भरावे. चाक फिरवत नट जड लागेपर्यंत आवळावा, मग थोडा मागे घेऊन जवळच्या खाचेत नवी स्प्लिट पिन घालावी. चाक मोकळे फिरले पाहिजे, पण लटपटता कामा नये.

बेअरिंगचा खर्च परवडतो. पण बेअरिंग बसण्याची धुऱ्यावरची जागाच झिजली असेल तर काम लेथवर जाते किंवा धुरा बदलावा लागतो. अशी ट्रॉली स्वस्त मिळाली तरी महागच पडते. म्हणून सौदा ठरण्याआधी एक हब उघडून दाखवा, असे विकणाऱ्याला बेधडक सांगावे. तो का-कू करू लागला, तर आपण बयाणा खिशातच ठेवावा.

मोळी टाकण्याआधी हे काम उरकून घ्यावे. हंगाम सुरू झाला की ना ट्रॉलीला उसंत, ना मालकाला.