जागच्या जागी चढण

टीएमटीच्या, म्हणजे ट्रेडमिलवरच्या हृदयतपासणीच्या वेळी तंत्रज्ञ म्हणाला, "काका, दांडा आवळू नका, नुसता हात टेकवा." त्याला सांगायला काय जातंय! दर तीन मिनिटांनी पट्टा वेग घेतो आणि चढही वाढतो : आधी 10 टक्के, मग 12, मग 14. नवव्या मिनिटाला मी शरणागती पत्करली. तेव्हा वेग होता ताशी साडेपाच किलोमीटर.

नॉर्वेतल्या ट्रॉन्हाइम शहरातल्या विद्यापीठाकडे असाच एक पट्टा आहे, फक्त तो 3 मीटर रुंद आणि 5 मीटर लांब आहे. म्हणजे आपल्याकडची चांगली ऐसपैस बैठकीची खोलीच. त्यावर चढणाऱ्या माणसाच्या पायांत चाकांच्या स्की, म्हणजे रोलर स्की असतात, दोन्ही हातांत लांब काठ्या आणि अंगात हार्नेस. हार्नेसची दोरी वर छताला बांधलेली. माणूस पडला की दोरीला हिसका बसतो आणि पट्टा आपोआप थांबतो. काठ्या रुताव्यात म्हणून पट्ट्यावर न घसरणारं रबर चढवलेलं असतं.

हा सगळा थाट क्रॉस-कंट्री स्कीइंगसाठी. हा खेळ म्हणजे डोंगरावरून सुसाट खाली येणं नव्हे. इथे मार्गाचा साधारण एक तृतीयांश भाग चढाचा, तेवढाच उताराचा आणि उरलेला वरखाली होणारा. पण घड्याळ लावलं तर शर्यतीतला अर्ध्याहून जास्त वेळ चढावरच जातो आणि निकालही बहुधा तिथेच लागतो. म्हणूनच चढ देऊ शकणारं यंत्र या खेळाच्या कामाचं.

दुसरं कारण बर्फाचा लहरीपणा. सकाळचा बर्फ दुपारी तोच राहत नाही. थंडी दोन अंशांनी कमी झाली की स्कीला लावायचं मेण बदलतं. मग ऑक्टोबरपेक्षा खेळाडू खरंच सुधारला, की आज बर्फच गुळगुळीत होता, हे ठरवायचं कसं? पट्ट्यावर हिशेब सरळ आहे. 75 किलोचा खेळाडू, सामान धरून 80. चढ 5 टक्के, वेग ताशी 14 किलोमीटर. तासाभरात तो 700 मीटर उंची चढला असता. गुरुत्वाकर्षण आणि चाकांचं घर्षण मिळून त्याला सतत दोनशेहून अधिक वॉट खर्चावे लागतात, मग महिना कुठलाही असो. हा काटेकोरपणा इतका की खेळाडूने घरून आणलेल्या रोलर स्की चालत नाहीत, प्रयोगशाळेच्याच घालायच्या. त्याही आधी काही वेळ पळवून गरम करायच्या, कारण चाकं तापली की घर्षण उतरतं. भाजीवाली वजन करण्याआधी तराजू झटकून घेते, तसंच हे.

चाचणी अशी : पाच मिनिटं एका वेगाने जायचं, थांबायचं, बोटाच्या टोकाला टोचून रक्ताचा थेंब द्यायचा. थेंबातलं लॅक्टेट मोजलं जातं. वेग वाढवत नेला की एका टप्प्यानंतर ते झपाट्याने चढतं. तो टप्पा कुठल्या वेगाला येतो, त्यावर पुढच्या महिन्यांचा सराव आखला जातो. शेवटी तोंडावर मास्क लावून, मिनिटामिनिटाला वेग वाढवत, माणूस हात टेकेपर्यंतची चाचणी. धडधाकट तरुणाचं शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला साधारण 45 मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं. या खेळातले अव्वल पुरुष 80 ओलांडतात.

एवढ्यावर थांबलं असतं तर ट्रेडमिल हा फक्त महागडा तराजू ठरला असता. मला तिची खरी करामत वेगळीच वाटते : धावणारा माणूस जागेवर राहतो. जंगलातल्या मार्गावर प्रशिक्षकाला खेळाडू एका फेरीत दिसतो पाच-सात सेकंद. ओरडून काहीतरी सांगेपर्यंत स्वारी झाडांआड. पट्ट्यावर तो समोर हाताच्या अंतरावर, हवा तितका वेळ. गुडघा कधी वाकतो, काठी पावलाच्या पुढे टेकते की मागे, थकल्यावर डावा खांदा पडतो का, सगळं दिसतं. कॅमेरे लावा, काठीत दाबमापक बसवा.

स्वीडनच्या हान्स-क्रिस्टर होल्मबर्ग यांनी नेमकं हेच केलं. त्यांचा अभ्यास 2005 मध्ये आला. विषय होता दोन्ही काठ्या एकदम रोवून स्वतःला पुढे ढकलण्याचा, म्हणजे डबल पोलिंगचा. हे हातांचं काम, अशी सर्वसाधारण समजूत. पट्ट्यावर दिसलं ते निराळं : वेगवान खेळाडू कोपर जास्त वाकवतात, कंबर आणि गुडघेही वाकवतात आणि पोटाच्या स्नायूंसकट सगळं धड काठीवर झोकून देतात. जोर थोडा वेळ, पण मोठा. उखळात मुसळ घालणाऱ्या बाईला हे कुणी सांगावं लागलं नसतं, हा भाग वेगळा.

पुढे मजा झाली. पारंपरिक शैलीत चढावर पाय मागे घसरू नये म्हणून स्कीच्या मध्यभागी चिकट मेण लावतात. त्याने पकड मिळते, पण घसरणीचा वेग थोडा मरतो. धड इतकं कमावलं असेल तर हे मेण हवंच कशाला? 2013 मध्ये नॉर्वेच्या यॉर्गेन आउकलांडने स्वीडनमधली 90 किलोमीटरची वासालोपेट शर्यत अथपासून इतिपर्यंत डबल पोलिंग करूनच जिंकली. एक अख्खी शैली पुसली जाते की काय, या भीतीने आंतरराष्ट्रीय महासंघाने 2016-17 च्या हंगामापासून पारंपरिक शर्यतीत काठीची लांबी उंचीच्या 83 टक्क्यांवर बांधून टाकली.

रोजचा सराव मात्र पट्ट्यावर होत नाही. नॉर्वेची स्कीपटू मारित ब्योर्गेन पस्तिशीत वर्षाला सुमारे 940 तास सराव करत होती. त्यातला बहुतेक भाग संथ, बाहेर, उघड्यावर. पट्ट्यावर वारा नसतो, वळण नसतं, पुढच्या खेळाडूच्या आडोशाला राहून दम वाचवण्याची चलाखी नसते. उतारही नसतो.

बाहेरचा रस्ता हे सगळं देतो, त्याची किंमतही घेतो. ऑलिम्पिकची आठ सुवर्णपदकं मिळवलेला ब्योर्न डेली 1999 च्या ऑगस्टमध्ये रोलर स्कीवर सराव करताना पडला. पाठ दुखावली ती दुखावलीच. 2001 मध्ये त्याने निवृत्ती घेतली. रोलर स्कीला सहसा ब्रेक नसतो आणि रस्त्यावर छताची दोरीही नसते. तरी उतार शिकायला खेळाडू आजही डांबरावरच जातात.