पालकत्व, अक्षम प्रौढांचे

मानसिक आजार, बौद्धिक दिव्यांगता, स्मृतिभ्रंश, मेंदूची इजा किंवा दीर्घकालीन बेशुद्धी यांमुळे ज्या सज्ञान व्यक्तीस स्वतःची काळजी घेणे वा आपल्या मिळकतीची व्यवस्था पाहणे अशक्य होते, तिच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार व जबाबदारी अन्य व्यक्तीकडे किंवा संस्थेकडे सोपविण्याची कायदेशीर व्यवस्था. ज्याच्याकडे ही जबाबदारी सोपवितात तो पालक व ज्याच्याकरिता ती असते तो पाल्य होय. पालकत्वाचे देहाचे पालकत्व व मिळकतीचे पालकत्व असे दोन भाग पडतात. ते एकाकडेच किंवा दोघांकडे स्वतंत्रपणे असू शकतात. जो पाल्याचा नातेवाईक नसतो आणि मोबदला घेऊन अशा अनेक व्यक्तींची जबाबदारी वाहतो, त्यास व्यावसायिक पालक म्हणतात.

अज्ञान मुलाचे पालकत्व ते मूल सज्ञान होताच आपोआप संपते. प्रौढाच्या पालकत्वास असा स्वाभाविक शेवट नसतो. बहुधा ते पाल्याच्या मृत्यूनेच संपते. शिवाय प्रौढ पाल्याच्या पाठीशी त्याचे जगलेले आयुष्य असते. घर, बचत, सवयी, स्नेहसंबंध आणि क्वचित जुने तंटेही त्याच्याबरोबर पालकाच्या हाती येतात. म्हणून प्रौढाच्या बाबतीत केवळ ‘हित पाहणे’ पुरत नाही. त्या व्यक्तीने स्वतः काय ठरविले असते, याचाही विचार करावा लागतो.

इतिहास : रोमन कायद्यात ‘द्वादश परिशिष्टां’पासून (सु. इ. स. पू. ४५०) वेड लागलेल्या व उधळ्या व्यक्तींची मिळकत पितृकुलातील आप्तांच्या ताब्यात देण्याची रीत होती. इंग्लंडमध्ये मध्ययुगात अशा व्यक्तींच्या रक्षणाचा अधिकार राजाकडे आला. राजा हा अनाथांचा व असहायांचा पिता, या कल्पनेवर तो आधारलेला होता. आजही भारतातील उच्च न्यायालये याच तत्त्वाचा आधार घेऊन पालकाची नेमणूक करतात.

प्राचीन भारतीय धर्मशास्त्रात मनुस्मृतीने (९.२०१–२०२) उन्मत्त, जड, मूक, अंध इ. व्यक्तींना वारसाहक्क नाकारला आहे. मात्र त्यांना अन्नवस्त्र देण्याचे बंधन वारसांवर घातले आहे. याचा अर्थ असा, की पोषणाची हमी होती, पण मिळकतीवरील हक्क नव्हता. हा प्रतिबंध १९२८ च्या कायद्याने जन्मजात वेड व जडत्व वगळता दूर करण्यात आला आणि १९५६ च्या हिंदू वारसा अधिनियमाने रोग, दोष वा व्यंग यांमुळे कोणासही वारसाहक्कापासून वंचित करता येणार नाही, असे ठरविले. अशा रीतीने अक्षम व्यक्ती मिळकतीची धनी झाली आणि तिची मिळकत सांभाळणारा कोण, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरला.

ब्रिटिश अमदानीत १८५८ साली मनोरुग्णांविषयी तीन कायदे झाले. त्यांची जागा १९१२ च्या ‘इंडियन ल्यूनसी ॲक्ट’ने घेतली. त्यानुसार न्यायालय चौकशी करून देहासाठी पालक व मिळकतीसाठी व्यवस्थापक नेमीत असे आणि त्यांना पाल्याच्या मिळकतीतून मोबदला देता येत असे. पाल्याच्या कायदेशीर वारसास सामान्यतः त्याच्या देहाचा पालक नेमू नये, नेमल्यास न्यायालयाने त्याची कारणे लेखी नमूद करावीत, असा निर्बंध या कायद्यात होता. ज्याला पाल्याच्या मृत्यूने लाभ होणार, त्याच्याच हाती त्याचे जीवित देऊ नये, हा त्यामागील हेतू होता. मोठ्या जमीनदारीबाबत मुंबई इलाख्यात १९०५ च्या ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’ अधिनियमान्वये सरकार स्वतःच व्यवस्था पाही. १९८७ चा मानसिक आरोग्य अधिनियम १९९३ पासून अंमलात आला. त्यातही जिल्हा न्यायालयाकडून पालक व व्यवस्थापक नेमण्याची पद्धत कायम होती.

परदेशांतील व्यवसाय : एकत्र कुटुंबाचा आधार कमी झाला आणि आयुर्मान वाढले, तसा हा व्यवसाय अनेक देशांत स्थिर झाला. इंग्लंड व वेल्समध्ये २००५ च्या मानसिक क्षमता अधिनियमाखाली संरक्षण न्यायालय प्रतिनिधी नेमते व सार्वजनिक पालकाचे कार्यालय त्यांच्यावर देखरेख ठेवते. नातेवाईक उपलब्ध नसल्यास वा मिळकत गुंतागुंतीची असल्यास वकिलांची नेमणूक होते. जर्मनीने १ जानेवारी १९९२ पासून प्रौढांचे जुने पालकत्व रद्द करून त्याऐवजी मर्यादित साहाय्याची पद्धत सुरू केली. २०२३ पासून तेथील व्यावसायिक साहाय्यकांना ज्ञानाचा पुरावा देऊन नोंदणी करावी लागते. जपानमध्ये प्रौढ पालकत्वाची नवी पद्धत व दीर्घकालीन शुश्रूषा विमा हे दोन्ही एप्रिल २००० मध्ये एकदम सुरू झाले. आरंभी तेथील बहुतेक पालक नातेवाईक असत. आता वकील, न्यायलेखक, समाजकार्यकर्ते इ. परक्या व्यक्तींची संख्या अधिक आहे. अमेरिकेच्या अनेक राज्यांत व्यावसायिक पालकांना परवाना वा प्रमाणपत्र घ्यावे लागते. तथापि तेथे गैरप्रकारही घडले. नेव्हाडा राज्यात अनेक वृद्धांची पालक म्हणून काम करणाऱ्या एका स्त्रीस पाल्यांच्या लुबाडणुकीबद्दल २०१९ मध्ये दीर्घ कारावासाची शिक्षा झाली.

भारतातील कायदा : भारतात सर्व अक्षम प्रौढांना लागू पडेल असा एकच कायदा नाही. १८९० चा पालक व पाल्य अधिनियम केवळ अज्ञानांपुरता आहे. प्रौढांसाठी पुढील मार्ग आहेत.

(१) राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ : हा कायदा स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदता (मूळ कायद्यातील शब्द) व बहुविकलांगता या चार अवस्थांपुरता मर्यादित आहे. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी व एक दिव्यांग व्यक्ती यांची स्थानिक समिती पालक नेमते. पालकाची गरज आहे काय व कोणत्या कामांपुरती, हे समितीने आधी ठरवावयाचे असते. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मिळकतीची यादी व प्रत्येक आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत हिशेब सादर करणे पालकावर बंधनकारक आहे. दुर्लक्ष, छळ वा अपहार आढळल्यास समिती त्यास दूर करू शकते. मूल अठरा वर्षांचे होताच आईबापांचे नैसर्गिक पालकत्व संपते. मूल बौद्धिक दृष्ट्या अक्षम असले तरी हा नियम बदलत नाही. पुष्कळ आईबापांना ही गोष्ट बँकेत वा निवृत्तिवेतनाच्या कामी अडल्यावरच कळते.

(२) दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ : दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारास भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. त्यास अनुसरून या कायद्याने ‘मर्यादित पालकत्व’ आणले. हे पालकत्व ठराविक काळापुरते व ठराविक निर्णयापुरते असते आणि पाल्याशी विचारविनिमय करून, त्याच्या इच्छेनुसार चालवावयाचे असते. जिल्हा न्यायालय किंवा राज्य शासनाने नेमलेला अधिकारी ते देऊ शकतो.

(३) मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ : २९ मे २०१८ पासून अंमलात आलेल्या या कायद्याने १९८७ चा कायदा रद्द केला. रुग्णास उपचारांविषयी आगाऊ निर्देश देता येतो व नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. मात्र या प्रतिनिधीचा अधिकार उपचारांपुरताच आहे. मिळकतीच्या व्यवस्थापकाची जुनी तरतूद नव्या कायद्यात आली नाही.

(४) उच्च न्यायालयाची नेमणूक : दीर्घ बेशुद्धीतील रुग्ण वरीलपैकी कोणत्याही चौकटीत नीट बसत नाही. अशा प्रकरणांत केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूत्रे घालून दिली. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये संविधानाच्या २२६ व्या अनुच्छेदाखाली एका पत्नीस बेशुद्ध पतीची पालक नेमले आणि तिच्या कामावर देखरेखीची व्यवस्थाही केली.

पालकत्वाचा अधिकार रक्तसंबंधातून येतो की प्रत्यक्ष शुश्रूषेतून, या प्रश्नास मुंबईतील अरुणा शानबाग प्रकरणाने उत्तर दिले. के. ई. एम. रुग्णालयातील ही परिचारिका १९७३ मधील हल्ल्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्याच रुग्णालयात होती. ७ मार्च २०११ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने तिची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या रुग्णालयातील कर्मचाऱ्यांनाच तिचे खरे वादमित्र मानले.

पालकाचे काम : नेमणूक होताच पालकाने घर, ठेवी, दागिने, देणी व येणी यांची यादी करावयाची असते. पाल्याचा पैसा स्वतःच्या पैशात मिसळू न देणे हा या कामाचा पहिला नियम होय. त्यानंतर नित्याची कामे येतात : निवृत्तिवेतन व त्यासाठी दरवर्षी द्यावयाचा हयातीचा दाखला, घरपट्टी, वीजबिल, सोसायटीची वर्गणी, मदतनिसाचा पगार, औषधे, प्राप्तिकराचे विवरणपत्र इत्यादी. यापेक्षा कठीण निर्णय अधूनमधून घ्यावे लागतात. शस्त्रक्रियेस संमती द्यावी काय, पाल्यास घरीच ठेवावे की शुश्रूषागृहात, उपचारासाठी घर विकावे काय, हे त्यांपैकी होत. स्थावर मिळकत विकणे वा गहाण टाकणे यांस न्यायालयाची परवानगी घ्यावी, असा दंडक १९८७ च्या कायद्यात होता आणि नेमणुकीच्या आदेशांत न्यायालये आजही अशी अट घालू शकतात. निर्णय घेण्यापूर्वी पाल्यास समजेल अशा भाषेत विचारणे, त्याच्या पूर्वीच्या सवयी व श्रद्धा जाणून घेणे आणि त्यास प्रत्यक्ष भेटत राहणे ही चांगल्या पालकाची लक्षणे मानतात. केवळ कागदपत्रे पाहणारा पालक मिळकत सांभाळू शकेल. माणूस सांभाळू शकणार नाही.

डोंबिवलीतील स्थिती : ठाणे जिल्ह्यातील कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८३ रोजी स्थापन झाली, २०११ च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या सु. १२·५ लाख होती. मुंबईच्या कचेऱ्यांत नोकरी करणाऱ्या मध्यमवर्गीयांनी डोंबिवली वाढविली. ती पिढी आता निवृत्त असून मुले पुणे, बंगळूर वा परदेशी स्थायिक झालेली, असे चित्र पुष्कळ घरांत दिसते. अशा कुटुंबाची मुख्य मिळकत म्हणजे राहता फ्लॅट. जुन्या इमारतीचा पुनर्विकास निघाला, की सभासदांच्या बहुमताची संमती व सभासदांची करारावर सही लागते. स्मृतिभ्रंश झालेल्या सभासदाची सही घेतली, तर ती कायद्याने टिकत नाही. न घेतली, तर त्याचा हक्क अधांतरी राहतो.

अशा वेळी बहुतेक कुटुंबे मुखत्यारपत्राकडे वळतात. परंतु भारतीय करार अधिनियमाच्या (१८७२) कलम २०१ अन्वये मुखत्यारपत्र देणारा मनाने अक्षम झाला, की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे ज्या प्रसंगासाठी ते केले, त्याच प्रसंगी ते निरुपयोगी ठरते. इंग्लंडप्रमाणे अक्षमतेनंतरही टिकणारे मुखत्यारपत्र भारतात नाही. स्मृतिभ्रंश हा राष्ट्रीय न्यास अधिनियमातील चार अवस्थांत मोडत नाही आणि मानसिक आरोग्यसेवा अधिनियम मिळकतीविषयी मौन बाळगतो. त्यामुळे डोंबिवलीतील मुलाला आपल्या आईच्या ठेवीसाठी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात मर्यादित पालकत्वाचा अर्ज करणे किंवा मुंबई उच्च न्यायालयात जाणे, असे दोनच मार्ग उरतात. देशातील साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी सु. ७·४ टक्के, म्हणजे सु. ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत काढण्यात आला. यावरून या प्रश्नाचा व्याप ध्यानात येईल.

बौद्धिक दिव्यांग प्रौढांच्या आईबापांपुढील प्रश्न ‘आमच्यामागे काय?’ हा असतो. त्यांना ठाणे येथील स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. या क्षेत्रात परिसरात पालकांनीच पुढाकार घेतला आहे. डोंबिवलीजवळ खोणी येथे अमेय पालक संघटनेने अशा प्रौढांसाठी ‘घरकुल’ ही निवासी संस्था उभारली. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर (पद्मश्री, २०२४) यांनी बेवारस दिव्यांग मुलांना आपले नाव दिले आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावरही त्यांना संस्थेत राहू द्यावे, असा आग्रह सातत्याने धरला. वय वाढल्याने दिव्यांगत्व संपत नाही, हेच या आग्रहाचे मर्म आहे.

मूल्यमापन : भारतात व्यावसायिक पालकाची पात्रता, परवाना वा शुल्क ठरविणारा कायदा नाही. राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली नोंदणीकृत संस्थेस पालक होता येते. इतरत्र वकील, सनदी लेखापाल वा परिचित व्यक्ती हे काम अनौपचारिकपणे करतात. नातेवाईक पालकात माया असते, पण वारसाहक्काचा मोहही असू शकतो. व्यावसायिक पालक हिशेबात चोख असू शकतो. परंतु पाल्यांची संख्या वाढली, की प्रत्यक्ष भेटी कमी होतात आणि त्याचे शुल्क पाल्याच्याच पैशातून जाते. म्हणून नियमित हिशेब-तपासणी, पाल्यांच्या संख्येवर मर्यादा, ठराविक काळाने पालकत्वाचा फेरविचार आणि पालकाविरुद्ध तक्रार करण्याची सोपी सोय ही बंधने सर्वत्र आवश्यक मानली जातात. संयुक्त खाते, खाजगी न्यास व उपचारांविषयीचा आगाऊ निर्देश यांची वेळेवर केलेली योजना पालकत्वाची गरज कमी करते. मात्र व्यक्ती स्वतः निर्णय घेण्यास समर्थ असतानाच ही योजना करावी लागते. एकदा ते सामर्थ्य गेले, की तिच्यासाठी कोणी निर्णय घ्यावा, हे इतरच ठरवितात.